गॅस गिझर न्हाणीत नको, भिंतीच्या बाहेर हवा

डिसेंबर लागला की परभणीत माझा फोन वाजायला लागतो. आमच्याकडची थंडी कधीकधी पारा पाच अंशांच्याही खाली नेते, आणि गार पाण्याचा तांब्या अंगावर घेण्याची ज्याची हिंमत गेली तो विचारतो, "काका, गिझर बसवायचाय, कधी येता?" कोणता घ्यावा, केवढ्याला पडेल, सिलिंडर किती दिवस पुरेल, सगळं विचारून होतं. कुठं बसवायचा, हे मात्र कुणी विचारत नाही. ते सगळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं: बाथरूममध्ये, नळाच्या वर.

मी प्लंबर आहे आणि या लेखात मुख्यतः त्या एका गोष्टीवर भांडणार आहे. बाकीचं ओघानं येईल.

माझ्या आजीच्या घरी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत पऱ्हाट्या, तुराट्या, हाताला येईल ते सरपण घालायचं, खाली राख पडायची, वरून धूर निघायचा. तो बंब अंगणात असायचा. तो उचलून न्हाणीत ठेवावा आणि दार लावून अंघोळ करावी, असं घरात कुणाच्या डोक्यात आलं नसतं, कारण दोन मिनिटांत डोळे चुरचुरले असते. गॅस गिझर म्हणजे तोच बंब आहे. आत जाळ आहे, त्या जाळाला हवा लागते आणि त्यातून धूरही निघतो. फरक एवढाच की हा धूर ना दिसतो, ना डोळ्यांत जातो.

आता माझीच चूक सांगतो. धंद्यात नवा होतो तेव्हा सेलूला मामाच्या घरी मी स्वतःच्या हातानं गिझर बाथरूममध्ये बसवला. मामी म्हणाली होती, "बाहेर कशाला लावायलास रे, पावसात भिजंल." मलाही ते पटलं, कारण पाइप कमी लागत होता. जानेवारीत मामेभाऊ डोकं धुवायला गेला तो बराच वेळ बाहेर आलाच नाही. वरच्या झरोक्याला थंडीसाठी मामीनं खोक्याचा पुठ्ठा लावलेला. दार तोडलं तर पोरगं भिंतीला टेकून बसलेलं, डोळे उघडे, पण पायात उठायचं बळ नाही. बाहेर आणल्यावर उलटी झाली, मग बोलायला लागला. वाचला. त्याच दिवशी मी तो गिझर काढला आणि मागच्या भिंतीला नेऊन लावला.

असं का होतं, याचा हिशोब सोपा आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. म्हणजे शेगडीच्या चार-पाच मोठ्या बर्नरइतका जाळ एकदम. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते. आपली चार बाय सहा फुटांची, आठ फूट उंच न्हाणी जेमतेम साडेपाच घनमीटरची. दहा मिनिटं गिझर चालला की त्या खोलीतल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या हवेतला प्राणवायू संपायला हवा. पण तितकी वेळ येतच नाही. प्राणवायू थोडा उतरला की जाळ अर्धवट जळायला लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त ओढीनं चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही. गुंगी येते आणि पाय गळतात. एवढंच.

गिझरवर वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, दुकानदार ती मोठ्या कौतुकानं दाखवतो. तिच्यावर भिस्त ठेवू नका. बंद खोलीत हवा बिघडायला वीस मिनिटं लागत नाहीत, आणि पहिल्याची अंघोळ झाली की दुसरा आत शिरून नळ पुन्हा सोडतोच.

आधी जागा

तर पहिलं काम: हातोडा, ड्रिल काही न घेता घराभोवती एक चक्कर मारा. न्हाणीच्या बाहेरच्या अंगाला उघडी भिंत आहे का ते बघा. मागची धुण्याची जागा, उघडी गॅलरी, गच्चीवर जिन्याच्या टोपीची भिंत, यांतलं काहीही चालेल. वरून पत्र्याचं किंवा स्लॅबचं छज्जं असावं, म्हणजे पाऊस थेट येत नाही. पश्चिमेचा वारा सरळ तोंडावर येणारी जागा टाळा. जाळ विझत राहतो आणि तुम्ही साबण लावून ओरडत बसता.

उघडी भिंत सापडली तरी वर बघा. गिझरच्या लगेच वर किंवा शेजारी न्हाणीचा झरोका असेल तर बाहेर बसवून काही मिळवलं नाही, धूर त्याच झरोक्यातून आत येईल. झोपायच्या खोलीच्या खिडकीचंही तेच. जिन्याखालची कोंदट जागा, बंद कपाट आणि फ्लॅटमधली चारी बाजूंनी बंद असलेली डक्ट या तिन्ही जागा माझ्याकडून नाहीत. संभाजीनगर किंवा लातूरच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहत असाल आणि डक्टशिवाय जागाच नसेल, तर गॅस गिझरचा नाद सोडा. विजेचा घ्या. गच्ची तुमच्या मालकीची असेल तर सोलर घ्या, आपल्याकडं ऊन कमी पडत नाही. मी माझं गिऱ्हाईक घालवून हे सांगतो आहे.

पाइप लांब पडेल, पाणी गार होईल, ही तक्रार खरी आहे. भिंतीच्या एका बाजूला गिझर आणि दुसऱ्या बाजूला नळ असेल तर ती उरत नाही. म्हणून जागा न्हाणीच्या भिंतीलाच शोधायची. आठ-दहा फूट जावंच लागलं तर पाइपावर फोमची नळी चढवा.

मग यंत्र

गिझरच्या अंगावर आयएसआयची खूण आणि आयएस १५५५८ हा क्रमांक बघा. सिलिंडरवर चालणाऱ्या घरगुती छोट्या गिझरसाठी तेच मानक आहे. पाटीवर एलपीजी लिहिलेलं असलं पाहिजे. पाइपच्या गॅसचा गिझर सिलिंडरवर किंवा सिलिंडरचा पाइपच्या गॅसवर तसाच चालत नाही, दोन्हींचा दाब आणि नोझल वेगळी असतात. तुमच्या वसाहतीत उद्या पाइपलाइन आली तर गिझर बदलावा लागेल किंवा कंपनीच्या माणसाकडून त्याचे भाग बदलून घ्यावे लागतील, हे आत्ताच धरून चला. जाळ विझला की गॅस बंद करणारी सोय असलीच पाहिजे. बाकी रंगीबेरंगी आकडे दाखवणारा पडदा नसला तरी अंघोळ होते.

खोक्यावर आणखी एक आकडा शोधा, पाण्याचा किमान दाब. इथं मराठवाड्यातली निम्मी घरं अडकतात.

पाण्याचा दाब

गिझरमध्ये पाणी ठरावीक जोरानं शिरलं तरच आतली पट्टी सरकते, ठिणगी पडते आणि गॅस सुटतो. बहुतेक गिझरना ०.२ ते ०.३ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) तरी दाब लागतो. दहा मीटर उंचीवरून पाण्याला एक किलोचा दाब मिळतो, म्हणजे दहा फुटाला साधारण ०.३. आता आपलं घर बघा: एकमजली, दहा फुटांवर स्लॅब, त्यावर विटांच्या दोन थरांवर पाण्याची टाकी. गिझर पाच फुटांवर. मधे उरली पाच-सहा फुटं. दाब निघाला ०.१७ किलो, त्यातून कोपरे आणि जुन्या पाइपातला गाळ वजा. गिझर टकटक करतो, पेटत नाही. गिऱ्हाईक म्हणतं माल खराब निघाला. माल चांगला असतो, टाकी बुटकी असते.

उपाय दोन. टाकी जिन्याच्या टोपीवर किंवा लोखंडी स्टँडवर पाच-सहा फूट उचला. भरलेली हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन असतं, तेव्हा स्टँड खालच्या बीमवर येईल असाच ठेवा. नाहीतर छोटा प्रेशर पंप बसवा, पण मग वीज गेली की गिझरही गेला.

दुसरी अडचण पाण्याच्या जातीची. आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड असतं. तव्यावर थेंब वाळला तर पांढरा डाग उरतो, तीच खपली गिझरच्या तांब्याच्या नळीत आतून धरते. चार वर्षांत नळी अर्धी होते, गॅस तेवढाच जळतो आणि पाणी कोमट येतं. नळाचं पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावांत टाकीच्या तळाचा गाळ ही वेगळीच भर. म्हणून गिझरच्या आधी एक बंद करायचा कॉक आणि त्यापुढं जाळीचा फिल्टर हवाच. फिल्टर असा बसवा की हात पोचेल, कारण तो महिन्याला धुवायचा असतो. मी फिल्टर छताजवळ बसवलेले पाहिले आहेत. ते आजवर कुणी धुतलेले नाहीत.

बसवताना

भिंत विटांची किंवा काँक्रीटची असावी, प्लायवूडवर टांगू नका. जाळ बघायची काचेची खिडकी डोळ्यांसमोर येईल अशी उंची धरा, म्हणजे जमिनीपासून साधारण पाच फूट. दोन्ही बाजूंना किमान वीतभर आणि वर हातभर जागा मोकळी सोडा. कंपनीच्या कागदावर जास्त लिहिलं असेल तर तेच धरा. वर कपडे वाळत घालायची दोरी नको, विजेचा बोर्ड नको. आधी ओळंबा लावून खुणा करा, मग भोकं पाडून फास्टनर ठोका.

पाइप जोडण्याआधी कॉक उघडून बादलीभर पाणी वाहू द्या. नव्या कामातले टेफलॉनचे तुकडे, वाळू, प्लॅस्टिकचा कीस यांनी पहिल्याच दिवशी जाळी तुंबते. कोणत्या तोंडाला गार पाणी आणि कोणत्या तोंडाला गरम, हे गिझरच्या खाली लिहिलेलं वाचा. उलट जोडला तर तो पेटणार नाही. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइपच वापरा, पिवळसर रंगाचा येतो तो. पांढरा साधा पीव्हीसी गरम पाण्यानं मऊ पडून सांध्यात सुटतो.

इथं माझं काम संपतं. गॅसच्या जोडणीला मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. एजन्सीचा मेकॅनिक बोलवा. पैसे वाचवायला शेगडीच्या नळीला मधेच टी लावून गिझरला फाटा काढून देणारे लोक प्रत्येक गल्लीत आहेत. तो फाटा एक दिवस निसटतो. गिझर कुठल्या सिलिंडरवर चालवायचा हे एजन्सीला विचारूनच ठरवा.

मेकॅनिक काम करत असताना शेजारी उभं राहा आणि एवढं बघा. नळी नारिंगी सुरक्षा होज, आयएस ९५७३ छापलेली, दीड मीटरहून लांब नको. ती पाच वर्षांनी बदलायची असते, म्हणून तारीख लिहून ठेवा. रबरी नळी भिंतीच्या आरपार जाता कामा नये. भिंत ओलांडायचीच असेल तर धातूची पाइप लागते. गिझरजवळ गॅसचा वेगळा कॉक असावा.

सिलिंडर उभा, सपाट जमिनीवर आणि सावलीत हवा. एप्रिल-मे महिन्यात ४२ अंशांत भिंतीला टेकून तळणारा सिलिंडर मला बघवत नाही. सिलिंडरच्या मानेजवळच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. ती चाचणीची मुदत आहे. उलटून गेली असेल तर सिलिंडर घेऊ नका.

आणि हौद. आपल्याकडं पाण्याचा साठा म्हणून बहुतेक घरांत जमिनीखाली हौद असतो, वर लोखंडी झाकण, आत मोटार. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला की जमिनीवरून पाण्यासारखा वाहत खड्डा शोधतो. हौद, गटाराचं चेंबर, बोअरचा खड्डा, कुठंही साचतो. मग कुणीतरी पाणी चढवायला मोटारीचं बटण दाबतं. सिलिंडर या झाकणांपासून जितका लांब ठेवता येईल तितका ठेवा. लहान अंगणात हे जमवणं जिकिरीचं असतं, पण गिझरची जागा ठरवतानाच हौद कुठं आहे ते बघून घेतलं तर जमतं.

जोडणी झाल्यावर साबणाचं पाणी प्रत्येक सांध्याला लावा. बुडबुडा फुगला तर गळती. काडी पेटवून बघायची रीत अजूनही काही ठिकाणी आहे, तसा माणूस दिसला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

पहिल्यांदा पेटवताना

खालच्या डब्यात दोन जाड सेल घाला, अधिक-उणे बघून. गिझर पेटला नाही म्हणून मला बोलावलेल्या घरांपैकी कितीतरी घरांत सेलच संपलेले असतात. आधी नुसतं पाणी सोडून हवा बाहेर काढा, मग गॅसचा कॉक उघडा. नळीत हवा असते म्हणून पहिल्या एक-दोन वेळा टकटक होऊन विझेल, मधे थोडं थांबून पुन्हा करा. न थांबता सारखं पेटवत बसू नका, आत गॅस साचून फट्कन पेटतो.

जाळ निळा हवा. पिवळी लांब जीभ आणि वरच्या पत्र्यावर काजळी म्हणजे हवा कमी पडते आहे किंवा बर्नर तुंबला आहे. तसा गिझर वापरायचा नाही. पाणी आधी बादलीत सोडा, हातानं बघा आणि मगच पोराबाळांना किंवा म्हाताऱ्यांना द्या. गिझरमधून पहिलं पाणी अंदाजापेक्षा कढत येतं, विशेषतः नळ बारीक सोडला की.

खर्चाचाही अंदाज देतो. चार माणसं, प्रत्येकी पंधरा लिटरची एक बादली, म्हणजे रोज दहा मिनिटं चालणं. रोजचा गॅस दीड-दोनशे ग्रॅम. १४.२ किलोचा सिलिंडर अडीच महिने जाईल. घरात शॉवरखाली गाणी म्हणणारं कुणी असेल तर दीड.

अलार्म आणि कडी

बाजारात दोन वेगळे अलार्म मिळतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. गॅस गळतीचा अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर, सिलिंडरजवळ लावायचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म माणूस जिथं श्वास घेतो त्या उंचीवर, न्हाणीला लागून असलेल्या खोलीत. पहिला लावला म्हणून दुसऱ्याचं काम होत नाही. आणि न्हाणीच्या दाराला अशी कडी बसवा की जी बाहेरून नाण्यानं किंवा स्क्रू ड्रायव्हरनं फिरवता येईल. मामाच्या घरचं दार तोडायला लागलेली ती दोन-तीन मिनिटं मला अजून मोजता येतात.

अंघोळ करताना डोकं दुखलं, मळमळलं, पायांतलं बळ गेलं तर अंगावर टॉवेल घ्या आणि बाहेर पडा, साबण तसाच राहू द्या. आत कुणी पडलेलं सापडलं तर श्वास रोखून आधी त्याला बाहेर ओढा, मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा. दवाखान्यात पोचल्याबरोबर "गॅस गिझर चालू होता" हे शब्द डॉक्टरांना सांगा. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही ते प्राणवायू भरलेलं समजून ९८-९९ दाखवतं, आणि आकडा बघून माणसाला घरी पाठवलं जातं.

गॅसचा वास आला तर विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि १९०६ वर कळवा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

दिवाळीच्या आधी

नरक चतुर्दशीला पहाटे सगळं घर रांगेत, एकामागून एक अभ्यंगस्नान. वर्षभरात गिझर सर्वांत जास्त चालतो तो त्या दिवशी. म्हणून देखभाल दसऱ्यानंतर लगेच उरकून घ्या, दिवाळीच्या आदल्या दिवशी मला मोकळा वेळ नसतो.

पावसाळाभर बंद असलेल्या गिझरमध्ये कुंभारमाशी मातीचं घर करते, बर्नरच्या भोकांत कोळी जाळं विणतो. बाहेर बसवलेल्या गिझरचा हा एक तोटा, आणि तो मी कबूल करतो. झाकण काढून मेकॅनिककडून बर्नर ब्रशनं साफ करून घ्या. बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा लिंबाच्या फुलांचं म्हणजे सायट्रिक ॲसिडचं पाणी नळीतून फिरवून खपली काढून घ्या. लोक हायड्रोक्लोरिक ॲसिड, ते संडासाचं, घालतात. खपलीबरोबर तांबंही जातं.

होळी झाली की गॅसचा कॉक बंद करा, सेल काढून ठेवा नाहीतर ते आत गळून डबा खातात, आणि धूळ जाऊ नये म्हणून वरून जुनं पोतं बांधा. पहिल्या थंडीत गिझर पेटवण्याआधी ते पोतं काढायला विसरू नका.